सराव पेपरचे गुण का हलतात? : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

परवाच्या रविवारी आठव्या सराव पेपरला २०४ आले. त्याआधी २२१, त्याआधी २४७. पेपर ४०० गुणांचा. १०० प्रश्न, तीन तास, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं तर १ वजा. प्रवेश परीक्षा २६ एप्रिलला. जेमतेम बारा आठवडे उरलेत आणि माझी तयारी २०० ची आहे की २५० ची, हेच मला सांगता येत नाही.

दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. उघडलं की एकच विचार येतो, नेमकं काय सुधारू? भौतिकशास्त्र, की पेपर सोडवायची पद्धत, की आणखी काही? म्हणून ही वेगळी वही घातली आहे, फक्त या एका प्रश्नासाठी.

१४ डिसेंबरपासून दर रविवारी एक पेपर दिला. गुण असे: २१२, २४१, १९८, २३६, २०९, २४७, २२१, २०४. सरासरी २२१.

प्रत्येक पेपरनंतर मी काय बदललं, तेही समोर आठवून लिहिलं. २१२ नंतर सगळा वेळ रसायनशास्त्राला दिला. १९८ नंतर विभाग सोडवायचा क्रम उलटा केला. २०९ नंतर नवा प्रश्नसंच आणला आणि जुना अर्ध्यावर सोडला. २४७ आले तेव्हा आता जमतंय असं वाटून उजळणी थांबवली, आणि २२१ आल्यावर घाबरून पुन्हा सुरू केली. आठ पेपरांत पाच वेळा दिशा बदलली. एकाखाली एक लिहिल्यावर पोटात खड्डा पडला. वेगवेगळं असताना हे कधी दिसलंच नव्हतं.

५ फेब्रुवारी

रात्री ताईशी बोलले. ती यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मी रडवेली होते. ती म्हणाली, "अगं, हे तर आमचं रोजचं काम. आकडे वाच बघू."

तिने लगतच्या दोन पेपरांतला फरक काढायला सांगितला, वाढला की घटला ते न बघता. २९, ४३, ३८, २७, ३८, २६, १७. त्यांची सरासरी ३१. तिला २.६६ या ठरलेल्या आकड्याने गुणायचं, येतात ८३. ते २२१ च्या वर आणि खाली मांडायचे. पट्टा निघाला १३८ ते ३०४. माझे आठही गुण त्याच्या आत.

कारखान्यात याला नियंत्रण आलेख म्हणतात. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या उद्योगात काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी तो १९२४ मध्ये मांडला. कुठलंही मोजमाप थोडंफार हलणारच, कारण त्यामागे शंभर बारीक कारणं सतत चालू असतात. ती एक गोष्ट. एखादं वेगळं, मोठं कारण मध्येच घुसतं ती दुसरी. पट्ट्याच्या आतलं हलणं पहिल्या जातीचं मानायचं. पट्टा ओलांडला तर दुसऱ्याच्या शोधाला लागायचं.

"पट्ट्यातल्या ठिपक्याला तू का आलास असं विचारायचं नाही," ताई म्हणाली. "तू प्रत्येकाला विचारत होतीस, आणि जे उत्तर मिळेल त्यावर यंत्र फिरवत होतीस."

मग तिने संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचा नरसाळ्याचा प्रयोग सांगितला. टेबलावर एक खूण, तिच्या बरोबर वर नरसाळं, त्यातून गोटी सोडायची. नरसाळं हलवलं नाही तर गोट्या खुणेच्या आसपास पडतात, काही इकडे काही तिकडे. आता प्रत्येक गोटी जितकी चुकली तितकं नरसाळं उलट बाजूला सरकवत गेलं, तर वाटतं की नेम सुधारेल. प्रत्यक्षात पसारा वाढतो, प्रचरण (पसारा मोजायचं माप) दुप्पट होतं. मागच्या गोटीची चूक दर सरकवण्यातून पुढच्या गोटीत जाते म्हणून.

माझी डिसेंबर-जानेवारीची पाच वळणं म्हणजे हेच. निर्णय: एका पेपरवरून काहीही बदलायचं नाही. किमान तीन पेपर झाल्यावरच बदलाचा विचार.

७ फेब्रुवारी

पट्टा एवढा रुंद का, हा प्रश्न राहिलाच. १३८ ते ३०४ मध्ये काहीही बसेल, आणि तेवढ्याने मला समाधान नाही.

शिकवणीत दर पेपरनंतर सगळ्या ६१ जणांच्या गुणांची यादी लावतात. मी आजवर त्यात फक्त माझा नंबर शोधत आले. आज आठही याद्या काढून प्रत्येकीतले ३१ व्या क्रमांकाचे गुण घेतले, म्हणजे वर्गाचा मध्यक. तो असा: १९०, २०४, १७१, १९०, १८८, २१६, १८०, १८९. म्हणजे पेपरच कधी सोपा, कधी कठीण होता. माझ्या गुणांतून तो वजा केला:

+२२, +३७, +२७, +४६, +२१, +३१, +४१, +१५.

हे बघून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. १९८ च्या दिवशी मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. त्या पेपरला मी मध्यकाच्या २७ वर होते, पहिल्या २१२ पेक्षा चांगली. आणि २५ जानेवारीचा सातवा पेपर, २४७ वरून २२१ वर आले म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, तो माझ्या आठ पेपरांतला दुसऱ्या क्रमांकाचा निघाला. मी २६ ने खाली आले होते, अख्खा वर्ग ३६ ने.

हिशेब केला. नुसत्या गुणांचं प्रचरण ३३५, मध्यक वजा केल्यावर ११५. हलण्याचा दोन तृतीयांश भाग पेपरच्या काठिण्याचा होता. ताई म्हणते, आठ आकड्यांवरून इतकं ठाम बोलू नकोस. बरोबर आहे, पण दिशा तरी कळली. यापुढे आलेखावर गुण नाही मांडायचे, हा फरक मांडायचा. त्याचा पट्टा −१४ ते +७४.

सराव पेपर वेगवेगळ्या संचांतून सोडवणाऱ्यांना तर हे फारच लागू आहे. एका संचाचे २३० आणि दुसऱ्याचे १९० शेजारी ठेवून रडण्यात अर्थ नाही. ते एकाच मापाने मोजलेले नाहीत.

८ फेब्रुवारी

नववा पेपर. आज सोडवताना प्रत्येक प्रश्नाच्या समासात एक खूण केली. खात्री असेल तर 'ख', दोन पर्यायांत अडकले तर 'अ' म्हणजे अर्धवट, नुसता अंदाज असेल तर 'अं'. याला वेळ लागत नाही. फक्त खूण उत्तर रंगवतानाच करायची. घरी येऊन आठवायला गेलं की मन बरोबर आलेल्या प्रत्येकाला 'ख' म्हणतं.

गुण २३८, मध्यक २०३, फरक +३५.

९ फेब्रुवारी

समासातल्या खुणा आणि उत्तरतालिका जुळवली.

ख ५८. त्यांतले ५१ बरोबर, ७ चूक.
अ २४. त्यांतले १३ बरोबर, ११ चूक.
अं १०. त्यांतले २ बरोबर, ८ चूक.
कोरे ८.

'अ' म्हणजे छापा-काटा. बरोबर आला तर +४, चुकला तर −१, दोन्हींत ५ चं अंतर. अशा २४ नाण्यांचं आणि १० अंदाजांचं मिळून प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून नेहमी पडणारं अंतर, साधारण १४ गुण येतं. तेच डोकं, तीच तयारी, तितकाच कठीण पेपर, आणि तरीही एका रविवारी १४ वर, दुसऱ्या रविवारी १४ खाली हे अगदी सहज होणार. मध्यक वजा केल्यावर माझं जे हलणं उरलं होतं, ते यात आरामात मावतं.

हलणं माझ्या मनाच्या कमकुवतपणातून येतं असं मला डिसेंबरपासून वाटत होतं. आकडा सांगतो की ते त्या २४ प्रश्नांतून येतं. मला गुण स्थिर करता येणार नाहीत, पण 'अ' कमी करता येतील. हाच आता प्रकल्प.

अंदाजांचंही बघितलं. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर दर प्रश्नी सरासरी पाव गुण मिळतो. एक पर्याय नक्की खोडता आला तर दोन तृतीयांश, दोन खोडता आले तर दीड. पाव गुणासाठी त्या प्रश्नावर दोन-दोन मिनिटं घालवणं मला परवडत नाही, कारण १८० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एकेकाला १०८ सेकंद. एकही पर्याय खोडता आला नाही तर मी कोरा सोडणार. पाव गुण सोडतेय हे माहीत आहे.

११ फेब्रुवारी

काल आणि आज फक्त त्या सात प्रश्नांवर घालवले, खात्री असून चुकलेल्या. प्रत्येक असा प्रश्न ५ गुणांना पडतो, हक्काचे ४ गेले आणि वर १ वजा. सातांचे ३५.

एक इथे उतरवून ठेवते. ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले, परिणामी रोध किती? मी कच्च्या जागेत लिहिलंय: १/६ + १/३ = १/२. हिशेब बरोबर, अक्षर नीटनेटकं. मग पर्यायांत ०.५ ओहम दिसला आणि मी तो रंगवला. उत्तर २ ओहम. शेवटचं उलटं करणं राहिलं. समांतर जोडणीत परिणामी रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान हवा हे मला पाठ आहे, पण ०.५ तीही अट पाळतो, म्हणून शंका आली नाही. पेपर काढणाऱ्याने तो पर्याय याच चुकीसाठी ठेवलेला असतो. उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे बरोबर आलं, असं मी आजवर धरून चालत होते.

दोन प्रश्न 'कोणते विधान चुकीचे आहे' या जातीचे. पहिलं विधान बरोबर दिसलं की मी तेच रंगवून पुढे गेले. एकात उत्तर ग्रॅममध्ये विचारलं होतं, मी किलोग्रॅममध्ये काढलं. दोन आकडेमोडीचे. सातवा मात्र खरंच चुकीचा शिकलेला होता. माझी संकल्पनाच उलटी होती आणि मला ठाऊक नव्हतं. तो सापडला याचा खूप आनंद झाला.

दोन सवयी ठरवल्या. प्रश्नात 'नाही', 'चुकीचे', 'वगळता' दिसलं की पेन्सिलीने गोल. आणि आकडेमोड सुरू करण्याआधी कच्च्या जागेत कडेला लिहायचं, काय विचारलंय आणि कुठल्या एककात. वरच्या गणितात 'R = ?' लिहिलं असतं तर १/R वर थांबले नसते.

१५ फेब्रुवारी

दहावा. २०७, मध्यक १८४, +२३. 'अ' २२.

आलेखावर हा ठिपका सरासरीच्या थोडा खाली आणि पट्ट्याच्या मधोमध. तरी संध्याकाळभर हात शिवशिवत होते, क्रम बदलू का, दुसरा संच आणू का. बाबांनी विचारलं, "किती आले?" आणि ऐकून फक्त "बरं" म्हणाले. त्यांना आलेख दाखवला, ते चष्मा लावून बघत राहिले.

काही बदललं नाही.

२२ फेब्रुवारी

अकरावा. २५२! मध्यक २१३, +३९, 'अ' २३.

आनंद झाला आणि तो होऊ दिला. पण आजच लिहून ठेवते की पुढचा पेपर बहुधा यापेक्षा खाली येईल. खूप चांगल्या दिवसात थोडी नाणीही आपल्या बाजूने पडलेली असतात आणि ती पुढच्या वेळी तशीच पडत नाहीत. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं. फार उंच पालकांची मुलं सरासरी उंचीच्या जवळ सरकलेली, फार ठेंगण्यांचीही तशीच. २४७ नंतर मी खाली आले ते उजळणी थांबवल्यामुळे असं मी धरून बसले होते. थोडं त्यामुळे असेलही, पण थांबवली नसती तरी खाली येण्याचीच शक्यता जास्त होती.

१ मार्च

बारावा. २१९, मध्यक १८६, +३३, 'अ' २०. लिहिण्यासारखं विशेष नाही. हेही नोंदवावंसं वाटलं, कारण महिन्यापूर्वी २५२ वरून २१९ ने मला दोन दिवस आडवं केलं असतं.

४ मार्च

तीन पेपरांचा आढावा. फरकांची सरासरी +३२. आधीच्या आठांची +३०. तीन पेपरांच्या सरासरीतही नशीब आठेक गुण इकडेतिकडे करतं, त्यामुळे ही दोनची वाढ म्हणजे वाढ नाही. स्वतःला फसवायचं नाही. खात्री असून चुकलेले मात्र ७ वरून ६, ५, ५ असे उतरलेत.

आता बदल करायला परवानगी आहे. चार पेपरांतले सगळे 'अ' एकत्र केले, ८९ भरले. त्यांतले ४१ फक्त तीन प्रकरणांतले: रोटेशनल मोशन, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, वेव्ह ऑप्टिक्स. सगळीकडे थोडं थोडं कच्चं आहे असं वाटत होतं, तर जवळपास निम्मं कच्चेपण तीन ठिकाणी दाटून बसलेलं.

गंमत म्हणजे या तिन्ही प्रकरणांच्या माझ्या नोट्स सर्वांत सुंदर आहेत. सर्वांत जास्त वेळा वाचलेल्याही याच. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळख पटली की कळलं असं वाटतं. पेपरात तीच ओळख दोन पर्यायांना मिळते आणि मी मध्ये अडकते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग हेच सांगतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे होते.

म्हणून उद्यापासून या तीन प्रकरणांसाठी वाचन बंद. कोरा कागद घ्यायचा, प्रकरण आठवून लिहायचं, मग नोट्स उघडून जे सुटलं ते लाल पेनाने भरायचं. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

८ मार्च

तेरावा. २३३, मध्यक १९९, +३४, 'अ' १९. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा पहिला कागद जवळजवळ पूर्ण लाल झाला. वाईट वाटलं, पण हे २६ एप्रिलला कळण्यापेक्षा आज कळलं.

१५ मार्च

चौदावा. १७१. मध्यक १८८. फरक −१७.

पट्ट्याची खालची कड −१४. पहिल्यांदाच ठिपका बाहेर गेला.

१६ मार्च

रात्री झोप लागली नाही. पण नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा. आत असेल तर कारण विचारायचं नाही आणि बाहेर गेला तर विचारल्याशिवाय सोडायचं नाही. सकाळी प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा आणि उत्तरपत्रिकेची प्रत शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत गेले.

४१ वा प्रश्न मी सोडला होता. ४२ चं उत्तर ४१ च्या ओळीत रंगवलं. ४३ चं ४२ च्या ओळीत. असंच ५३ पर्यंत. पुढे पान उलटलं, क्रमांक नव्याने पाहिला आणि ५४ पासून सगळं जागेवर. मधली बारा उत्तरं एक घर वर सरकली होती. जागेवर असती तर ९ बरोबर आणि ३ चूक, म्हणजे ३३ गुण. सरकल्यामुळे २ बरोबर आणि १० चूक, म्हणजे −२. पस्तीस गुण तिथे गेले. ते धरले तर २०६, म्हणजे +१८, पट्ट्याच्या आत.

ताईला फोन केला तर ती म्हणाली, "सापडलं ना? आता तेवढंच दुरुस्त कर. बाकी यंत्राला हात लावू नकोस." मी भौतिकशास्त्राला किंवा स्वतःला दोष देत बसले असते तर ही चूक पुन्हा झाली असती, कदाचित खऱ्या पेपरात.

नवा नियम: प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेवर त्या ओळीच्या कडेला पेन्सिलीची बारीक टिंब, नंतर खोडायची. आणि दर पाच उत्तरांनंतर दोन्हीकडचा क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणायचा.

२९ मार्च

गेल्या रविवारचा पंधरावा २५१, मध्यक २१२, +३९, 'अ' १६. आजचा २३९, मध्यक २०३, +३६, 'अ' १५. ओळी एकदाही सरकल्या नाहीत.

बाबांनी आज विचारलं, "आज 'अ' किती होते?" मी पंधरा म्हणाले. त्यांनी आलेख मागून घेतला आणि ठिपका स्वतः काढला.

५ एप्रिल

सतरावा. २८१, मध्यक २२६, +५५. 'अ' १४, त्यांतले १० बरोबर. दहातली तीन तरी नशिबाची. पुढच्या वेळी खाली येणार, हे २२ फेब्रुवारीसारखंच लिहून ठेवते.

रोटेशनल मोशनच्या कागदावर आज फक्त दोन लाल ओळी.

१२ एप्रिल

अठरावा आणि शेवटचा. २४९, मध्यक २१५, +३४.

ख ६२, त्यांतले ५९ बरोबर. अ १३, त्यांतले ५ बरोबर. अं ६, त्यांतले २. कोरे १९.

शेवटचा पेपर आधीच्यापेक्षा ३२ ने खाली. मनाला लागलं, खोटं कशाला सांगू. पण १३ नाण्यांपैकी ५ च पडली, सरासरीने साडेसहा पडायला हवी होती. खात्रीचे चुकलेले ७ होते ते ३ झालेत. नशिबाचं प्रमाण विचलन १४ वरून साडेदहाच्या आसपास आलंय. शेवटच्या चार पेपरांच्या फरकांची सरासरी +४१, सुरुवातीची +३०. हाही आकडा अजून नशिबाच्या पूर्ण बाहेर नाही, पण 'ख' मधल्या चुका आणि 'अ' ची संख्या दोन्ही एकाच बाजूला सरकताहेत, आणि त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

पुढच्या रविवारी पेपर देणार नाही. शिकवणीत आहे, पण मी नाही म्हणून सांगितलं. त्या एका आकड्यातून मला जे कळेल त्यापेक्षा तो डोक्यात जास्त जागा घेईल.

२२ एप्रिल

चार दिवस. रोज एका विषयाचे जुने 'ख' मधले चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवतेय. अठरा पेपरांचे नाहीत, खुणा केल्या त्या दहांचेच. मिळून ४६ आहेत. आज १५ झाले, सगळे बरोबर. ६ आणि ३ ओहमचा प्रश्न आला तेव्हा आधी कडेला 'R = ?' लिहिलं.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत चार प्रश्न अजूनही 'अ' आहेत, चारही विद्युत विभवाच्या चिन्हांचे. उद्या सकाळी कोऱ्या कागदावर तेवढेच.